झावळीचा मांडव आणि मखमलीचं स्टेज

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा मेहरची रक्कम दहा मिनिटांत ठरली, वलीम्याचा बेत अर्ध्या तासात ठरला आणि सजावटीवरून तीन आठवडे भांडण चाललं. लग्न हरिहरेश्वरजवळच्या आमच्या मोहल्ल्यातच व्हायचं होतं. डेकोरेटरनं मोबाइलवर फोटोंचा अल्बम पाठवला. त्यात ‘अरेबियन’ होतं, ‘रॉयल मुघल’ होतं आणि शेवटी ‘रस्टिक’ नावाचं एक प्रकरण होतं. ते उघडून पाहिलं तर माडाच्या झावळ्या, सुपारीचे घोस आणि केळीचे खांब! भाडं सर्वांत जास्त त्याचंच. माझ्या बहिणीला हसू आवरेना. तिच्या स्वतःच्या लग्नात मागच्या वाडीतून तोडून आणलेल्या याच झावळ्या होत्या आणि त्यांचे कुणी एक पैसा घेतला नव्हता.

भाचीला तेच हवं होतं. तिच्या मामूंना, म्हणजे माझ्या थोरल्या भावाला, मखमलीचं स्टेज, मेहराब आणि सोनेरी सोफा हवा होता, कारण कुवेतहून पाहुणे येणार होते. जमातीतल्या एका बुजुर्गांनी मात्र वेगळाच मुद्दा काढला. मखमल चालेल, पण दारात केळीचा खांब आणि वर पानांचा मांडव ही ‘त्यांची’ रीत आहे, आपली नव्हे, असं ते म्हणाले. त्यांच्या वयाचा मान राखून तेव्हा मी गप्प बसलो. पण प्रश्न डोक्यातून जाईना. मांडव नेमका कुणाचा?

आधी तो मांडव होता कसा ते सांगतो, कारण तीस वर्षांखालच्या मुलांनी तो पाहिलेलाच नाही. आमच्याकडची लग्नं बहुतेक एप्रिल-मे महिन्यांतली. मुंबईचे चाकरमानी रजेवर येत, बोटीवरचे खलाशी घरी असत, मुलांना सुट्टी असे. ऊन मात्र जाळणारं. त्यामुळे मांडव ही आधी सावली होती, शोभा नंतर. अंगण सारवून घ्यायचं, पोफळीचे जुने सोट किंवा बांबू खांब म्हणून रोवायचे, आडव्या बांबूंची चौकट सुंभानं बांधायची आणि वर झापं टाकायची. झाप म्हणजे माडाची झावळ मधोमध चिरून तिची पाती एकाआड एक विणून केलेला तट्ट्या. हे काम बायका झपाझप करत. दोघी समोरासमोर बसल्या की दुपारपर्यंत ढीग लागे. चारी बाजूंना ओल्या झावळ्या कमानीसारख्या वाकवून लावल्या, मध्ये सुपारीचे पिकू लागलेले घोस टांगले, रंगीत घोटीव कागदाच्या पताका लावल्या की झालं. संध्याकाळी गॅसबत्त्या पेटत. सेहऱ्याला मोगरा आणि बायकांच्या केसांत अबोली नाहीतर सुरंगीचे वळेसर. यातलं बहुतेक सगळं हाकेच्या अंतरातलं असे.

लग्न झाल्यावर त्या झापांचं काय व्हायचं, हे मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. ती फेकून देत नसत. कोकणात पाऊस पश्चिमेकडून झोडपतो आणि मातीच्या किंवा जांभ्याच्या भिंती भिजून फुगतात. म्हणून जूनच्या आधी भिंतींना बाहेरून झापांची झड बांधत. मेमध्ये नवरानवरीच्या डोक्यावर जे असे, तेच जूनमध्ये कुणाच्या तरी भिंतीवर जाई. खांब पुन्हा वाडीच्या कुंपणाला. खर्च शून्य म्हणता येणार नाही, पण वाया गेलं असं काही उरत नसे.

या किनाऱ्याचा इतिहास या मांडवापासून वेगळा काढता येत नाही. श्रीवर्धन हे निजामशाहीच्या आणि पुढे आदिलशाहीच्या काळात नावाजलेलं बंदर होतं. नंतर हा सगळा टापू जंजिऱ्याच्या सिद्दींकडे आला आणि संस्थान 1948 साली मुंबई प्रांतात विलीन होईपर्यंत नवाबांकडेच राहिला. म्हणजे हरिहरेश्वराचं देऊळ, ज्याला लोक दक्षिण काशी म्हणतात, पिढ्यान् पिढ्या एका मुसलमान संस्थानाच्या हद्दीत होतं. पेशव्यांचं भट घराणं मूळ श्रीवर्धनचं आणि हरिहरेश्वर हे त्यांचं कुलदैवत. सिद्दी आणि मराठे यांच्यात लढाया झाल्या, त्यात गावं भरडली गेली, हे खरंच आहे. त्यावर गुलाबपाणी शिंपडायची मला हौस नाही. पण लढाईच्या दोन्ही बाजूंना वाड्या त्याच होत्या, माड तेच, पोफळी त्याच. श्रीवर्धनच्या सुपारीला इंग्रज गॅझेटियरकारांनीही मोठ्या मोलाची म्हटलं आहे आणि आज ‘श्रीवर्धनी’ नावानं तिची जात ओळखली जाते. लग्नाचं आवतण सुपारी देऊन, मांडवाला सुपारीचे घोस, पाहुण्यांसमोर पानसुपारीचं तबक. ज्या गावात जे पिकतं त्यानंच गाव लग्न साजरं करतं. माड काही धर्म विचारून झावळ देत नाही.

‘आपली’ आणि ‘त्यांची’ रीत शोधायची झाली तर आधी शब्द तपासावेत, असं मला वाटतं. मांडव हा शब्द संस्कृत ‘मंडप’वरून आला. हळद, तोरण हेही तिकडचेच. हे सगळे आमच्या घरांत रोजच्या वापरातले आहेत. आता उलट बाजूनं पाहा. मराठी हिंदू लग्नात ‘रोषणाई’ असते, तो शब्द फारसी. ‘शामियाना’ फारसी. ‘गालिचा’ फारसी. ‘गुलाबदाणी’ आणि ‘अत्तरदाणी’ यांतला ‘दाणी’ म्हणजे फारसी ‘दान’. दारात वाजते ती ‘सनई’ म्हणजे शहनाई. इतकंच काय, गणपतीपुढे केली जाते ती ‘आरास’सुद्धा फारसी ‘आरास्तन’ म्हणजे सजवणं या क्रियापदाच्या घरातली. मुसलमानांनी मांडव घेतला आणि हिंदूंनी आरास घेतली. कुणाचा हिशेब चुकता करायचा आणि कुणी कुणाचं देणं लागतं?

हे वरच्या थरातही होतंच. 1783 साली पुण्यात सवाई माधवरावांचं लग्न झालं. याच श्रीवर्धनच्या भटांच्या घराण्यातलं ते लग्न. त्याच्या बंदोबस्तासाठी नाना फडणविसांनी केलेली बारीकसारीक तपशिलांची यादी मराठी इतिहासाच्या वाचकांना परिचित आहे. त्या काळच्या थोरामोठ्यांच्या लग्नांत जो थाट दिसतो, म्हणजे शामियाने, गालिचे, लोडतक्के, अत्तरगुलाब, आतषबाजी, तो दख्खनच्या सुलतानांच्या आणि मोगलांच्या दरबारी रिवाजातून आलेला होता. मंत्र वैदिक आणि थाट दरबारी, असा तो मेळ. त्यानं कुणाचा धर्म बुडाला नाही.

आणि आपल्या बाजूची नोंदही आहे. 1832 साली ‘कानून-ए-इस्लाम’ या नावाचं पुस्तक इंग्रजीत छापलं गेलं. जाफर शरीफ यांनी ते डॉक्टर हर्क्लॉट्स या इंग्रजांच्या नोकरीतल्या वैद्यांच्या सांगण्यावरून लिहिलं आणि हर्क्लॉट्सनी त्याचं भाषांतर केलं. दख्खनी मुसलमानांच्या जन्मापासून मरणापर्यंतच्या रिवाजांचं ते वर्णन आहे. लग्नाच्या प्रकरणांत हळद आहे, मेंदी आहे, मांडवही आहे. जवळजवळ दोनशे वर्षांपूर्वी लिहिणारा एक मुसलमान हे सगळं मुसलमानांचे रिवाज म्हणूनच लिहितो. त्यातले काही रिवाज मला स्वतःला पटत नाहीत. पण ते कालपरवा टीव्हीवरून आले, असं म्हणणाऱ्यांनी ते पुस्तक एकदा चाळावं.

आमच्या बुजुर्गांचा सेहऱ्याला काहीच आक्षेप नव्हता, याची मला गंमत वाटली. सेहरा म्हणजे जणू अस्सल इस्लामी! वास्तविक फुलांच्या किंवा जरीच्या लडींनी नवरदेवाचा चेहरा झाकण्याची ही रीत हिंदुस्तानातली. महाराष्ट्रातल्या मुंडावळ्या तिच्या जवळच्या नात्यातल्या. 1852 साली दिल्लीत बहादूरशाह जफर यांचा शहजादा जवाँबख्त याचं लग्न झालं, तेव्हा गालिब यांनी सेहरा लिहिला, त्यात बादशहाचे उस्ताद जौक यांना टोमणा वाटला आणि त्यांनी उलट सेहरा लिहून उत्तर दिलं. उर्दू साहित्यातलं एक गाजलेलं भांडण या सेहऱ्यावरून झालं. अरबस्तानात यातलं काही सापडणार नाही. सेहरा चालतो आणि सुपारीचा घोस चालत नाही, तर कसोटी दीनची नसून सवयीची आहे, एवढंच मला म्हणायचं आहे.

मग दीनची कसोटी काय? मी आलिम नाही. पण जे सर्वांना ठाऊक आहे, ते सांगायला आलिम असावं लागत नाही. निकाहला इजाब-कबूल लागतो, साक्षीदार लागतात, मेहर लागतो. निकाह जाहीर व्हावा, चोरून होऊ नये. वलीमा करावा, ऐपत एका बकरीची असली तरी. ही एका बकरीची गोष्ट अब्दुर्रहमान बिन औफ यांची. त्यांच्या अंगावर पिवळा डाग पाहून पैगंबरांनी (सल्ल.) विचारलं की हे काय, तेव्हा त्यांनी लग्न केल्याचं सांगितलं. तो डाग सुगंधी द्रव्याचा होता, आपल्या हळदीचा नव्हे, पण लग्नात पिवळं होणं तिकडेही होतं म्हणायचं! सजावटीबद्दल कुरआनात सूरह आराफच्या 31 आणि 32 या आयतींत दोन गोष्टी शेजारी-शेजारी आहेत. इबादतीच्या वेळी साजशृंगार करा आणि उधळपट्टी करू नका, असं आधी येतं. लगेच पुढे विचारलं आहे की अल्लाहनं बंद्यांसाठी निर्माण केलेली शोभा हराम ठरवली कुणी? म्हणजे शोभेला मुभा आहे, उधळपट्टीला नाही. पान की कापड, असा प्रश्नच तिथे नाही.

कापडाबद्दल मात्र एक प्रसंग आहे आणि तो थेट लग्नातलाच आहे. दुसरे खलीफा हजरत उमर यांचे पुत्र अब्दुल्लाह यांच्या घरी लग्न होतं, त्यांच्या सालिम नावाच्या मुलाचं. त्यांनी अबू अय्यूब अन्सारी यांना बोलावलं. अबू अय्यूब म्हणजे मदिनेत पैगंबर प्रथम ज्यांच्या घरी उतरले ते सहाबी. ते आले आणि पाहतात तर भिंतींवर हिरवे पडदे लावलेले. ते रागावले. अब्दुल्लाह ओशाळून म्हणाले की बायकांपुढे आमचं काही चाललं नाही. अबू अय्यूब म्हणाले की दुसऱ्या कुणाबद्दल ही भीती वाटली असती, तुमच्याबद्दल वाटली नव्हती. आणि न जेवता निघून गेले. साडेतेराशे वर्षांपूर्वीचा हा प्रसंग. सजावटीवरून भांडण, दोष घरातल्या बायकांवर आणि रुसून निघून गेलेला एक बुजुर्ग. आमच्या घरात तीन आठवडे वेगळं काय चाललं होतं?

हजरत आयशा यांच्या घरचा पडदा पैगंबरांनी काढायला लावला आणि त्यांनी त्याच्या उशा केल्या, ही हदीसही प्रसिद्ध आहे. एका रिवायतीत कारणही येतं: दगडमातीला कपडे घालायला अल्लाहनं आपल्याला सांगितलेलं नाही. या हदीसींवरून पडदा हरामच, असं म्हणायला फुकहा सगळेच तयार नाहीत, कुणी मकरूह म्हणतो, कुणी चित्रं होती म्हणून म्हणतो. तो वाद त्यांचा. पण एवढं नक्की की त्या जुन्या लोकांना खटकलं ते भिंतीवरचं भारी कापड. झावळ नव्हे. मदिनेतल्या मस्जिद-ए-नबवीचं पहिलं छप्परच खजुरीच्या झावळ्यांचं होतं आणि खांब खजुरीच्या बुंध्यांचे. ही गोष्ट मी भावाला सांगितली तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही.

मग आमच्याकडे पान गेलं आणि कापड आलं ते कसं? इथे दोन गोष्टी एकत्र झाल्या आणि त्या गंमतीनं झाल्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून देवबंदच्या आलिमांनी लग्नातल्या रिवाजांवर कठोर टीका केली. मौलाना अशरफ अली थानवी यांच्या ‘बहिश्ती जेवर’ या पुस्तकात ती पानोपानी आहे आणि ते पुस्तक कित्येक घरांत मुलीला जहेजमध्ये दिलं जाई. पुढे तबलीगचं काम कोकणातही पोहोचलं. त्या टीकेचा गाभा खरा होता. कर्ज काढून लग्नं होत होती, मांडवाच्या खांबाभोवती नाना शकुन-अपशकुन जमले होते, गरीब बाप रिवाजांखाली पिचत होता. ज्यांनी हे बोलून दाखवलं त्यांचे आपण ऋणी आहोत. हिंदूंमध्येही त्याच्या आधी जोतिराव फुल्यांनी 1873 साली सत्यशोधक पद्धतीचं लग्न लावून कर्जाच्या आणि कर्मकांडाच्या ओझ्यावर बोट ठेवलंच होतं. प्रश्न सगळ्यांचा एकच होता.

पण सुधारणा जमिनीवर उतरेपर्यंत 1970 ची दशकं आली, तेलाचे भाव वाढले आणि श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोलीचे तरुण कुवेत, सौदी, दुबईकडे निघाले. त्याआधी आमची माणसं बोटीवर आणि मुंबईच्या गोदीत होती, पैसा बेताचा होता. आता घरं जांभ्याची स्लॅबची झाली. स्लॅबच्या घराला झड लागत नाही, म्हणून झाप विणायचं कारणही राहिलं नाही. आखाती हॉलमधली लग्नं पाहून आलेल्यांनी तसली स्टेजं मागितली आणि मुंबईतून ती टेम्पोनं येऊ लागली. मांडव पाडला तो ‘गैरइस्लामी’ म्हणून आणि त्याच्या जागी उभं केलं ते मखमलीचं स्टेज, ज्याचं एका रात्रीचं भाडं मांडवाच्या दसपट. सुधारकांनी खर्चावर बोट ठेवलं होतं. आम्ही पान काढलं आणि खर्च ठेवला. वाढवला.

मध्यंतरी थर्माकोलच्या मेहराबी आल्या होत्या. 23 मार्च 2018 च्या राज्य सरकारच्या अधिसूचनेनं थर्माकोलची सजावट बंद झाली, तरी दुसऱ्या कुठल्या तरी फेसाळ पत्र्याच्या मेहराबी अजून दिसतात. लग्नानंतर त्या खाडीच्या काठी पडलेल्या मी पाहिल्या आहेत. त्यांची कुणी झड बांधत नाही.

आणि मग 3 जून 2020 उजाडला. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर, मुरूड, कुठेही पाहावं तर पोफळी मधोमध मोडलेल्या आणि माड आडवे. पोफळीला धरायला सहासात वर्षं लागतात. ज्यांच्या आजोबांनी लावलेली वाडी एका दुपारी गेली, त्यांच्यात आमच्या नात्यातले लोक आहेत आणि देवळाकडच्या आळीतले लोकही आहेत. ती वर्षं करोनाचीही होती. एप्रिल 2021 मध्ये सरकारनं लग्नाला पंचवीस माणसं आणि दोन तास एवढीच परवानगी दिली. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा झालेले निकाह ओसरीवर झाले, सजावटीशिवाय, आणि ते निकाह इतर कुठल्याही निकाहाइतकेच पक्के आहेत. त्या जोडप्यांना आज मुलं आहेत.

हे सगळं मी घरात एका बैठकीत सांगितलं असं नाही. तुकड्यातुकड्यांनी, जेवताना, चहा घेताना, कधी चिडून. बुजुर्गांकडे मात्र मी स्वतः गेलो. त्यांनी अबू अय्यूब यांची गोष्ट मला सांगितली, मी सांगायच्या आधीच. त्यांना ती माझ्यापेक्षा चांगली ठाऊक होती. मग म्हणाले, “बेटा, माझा राग केळीवर नाही. केळीचा खांब लावून लोक त्यात बरकत शोधतात, त्याची भीती वाटते.” हा मुद्दा मला मान्य करावा लागला. आम्ही केळीचे खांब वगळले. मांडव ठेवला. भावानंही सोफ्याचा हट्ट सोडला, पण खुर्च्यांना पांढरी कव्हरं लावायचीच यावर तो अडून बसला, आणि एका माणसाचं काहीतरी चालायला हवं म्हणून आम्ही ते मान्य केलं.

अडचण वेगळीच निघाली. वादळानंतर झावळ्या मिळेनात. ज्या वाड्या वाचल्या त्यांचे मालक माड जपतात, सहज तोडू देत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. शेवटी थोड्या आमच्या वाडीतून आल्या, थोड्या शेजारच्या भंडाऱ्यांच्या वाडीतून आणि उरलेल्या वेसवीहून फेरीबोटीनं खाडी ओलांडून बागमांडल्याला, नवऱ्यामुलाच्या मामांच्या टेम्पोत. विणणाऱ्या बायका मोहल्ल्यात उरल्या नव्हत्या. माझ्या फुफू पंच्याहत्तरीच्या, त्यांना आठवत होतं पण बोटं चालेनात. पलीकडच्या वाडीतल्या दोघी आल्या, फुफूंनी बसून चुका काढल्या आणि भाचीच्या मैत्रिणींनी मोबाइलवर ते सगळं टिपून घेतलं. मजुरी दिली. पूर्वी देत नसत, तेव्हा कामाच्या बदल्यात काम असे. आता ते दिवस नाहीत, आणि कुणाचे कष्ट फुकट घेण्यापेक्षा मजुरी देणं चांगलं.

निकाह असरनंतर झाला. मांडवात उकाडा कमी होता, एवढं कुवेतच्या पाहुण्यांनीही कबूल केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मांडव उतरवायला लागलो तर दोन माणसं आधीच येऊन थांबलेली. एकाला गोठ्याला झड बांधायची होती, दुसऱ्याला होडीवर टाकायला झापं हवी होती.